द्राक्षमळ्याची मालकीण

मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे गोव्याला गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात काजू घ्यायला शिरलो. दुकानात समोर काजूची पाकिटं, बाजूला बेबिंकाचे डबे आणि मागच्या फळीवर गडद लाल बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीवर ‘पोर्ट वाईन’ असं लिहिलेलं. माझ्या सासूबाई बराच वेळ त्या रांगेकडे बघत होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, “अगं, पोर्ट म्हणजे बंदर ना? मग ही काय बंदरावरची दारू?”

मुलं फिदीफिदी हसली. मीही हसले. पण घरी आल्यावर सहज म्हणून वाचायला बसले, तर सासूबाईंचं अगदी बरोबर निघालं. पोर्तुगालच्या उत्तरेला समुद्रकाठी पोर्तो नावाचं शहर आहे आणि पोर्तुगीज भाषेत पोर्तो म्हणजे बंदरच. त्या बंदरातून जी वाईन जहाजानं बाहेर जायची, ती पोर्ट वाईन.

वाचता वाचता त्या बाटलीमागे मला एक बाई भेटली. तेहतिसाव्या वर्षी विधवा झालेली, पदरात दोन मुलं आणि समोर डोंगरभर द्राक्षमळे. तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

पण त्याआधी एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. आपल्याकडे बाटली म्हटलं की बायकांच्या अंगावर काटा येतो, आणि त्यात चूक काहीच नाही. दारूनं धुळीला मिळालेले संसार आपण आपल्याच गल्लीत पाहतो. कितीतरी गावांतल्या बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ केली आणि दुकानांना कुलूप लावलं, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. तेव्हा ही काही वाईनची जाहिरात नव्हे. वाईन म्हणजेही दारूच, आणि पोर्ट तर साध्या वाईनपेक्षा बरीच कडक. पण द्राक्ष हे पीक आहे, पिकामागे शेती असते आणि शेतीमागे बाई असते. माझं लक्ष गेलं ते तिच्याकडे.

दगडातली शेती

स्पेनमध्ये उगम पावलेली दोरो नदी पोर्तुगाल ओलांडून पोर्तोजवळ अटलांटिक महासागराला मिळते. पोर्टची द्राक्षं मात्र पोर्तोत पिकत नाहीत. ती पिकतात किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत, नदीच्या दोन्ही काठांवरच्या उभ्या चढांवर. समुद्राकडून येणारा पाऊस मारांवचे डोंगर अडवून धरतात. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की पाऊस कसा एकदम कमी होतो, तसंच. त्यामुळे आतल्या खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळ्यात हाडं गोठतात. तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

जमीन म्हणाल तर तीही मातीची नाही. शिस्ट नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड सगळीकडे पसरलेला. पहारीनं तो फोडायचा, त्याच दगडांच्या ताली रचायच्या, ना चुना ना सिमेंट, आणि तालीमागच्या अरुंद पट्टीत वेल लावायचा. वेलाची मुळं दगडाच्या फटींतून खोल उतरून पाणी शोधतात. दिवसभर तापलेला दगड रात्री वेलाला ऊब देतो. अशा हजारो ताली पिढ्यान् पिढ्यांच्या मजुरांनी हातानं रचल्या. २००१ मध्ये युनेस्कोनं हे खोरं जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं, ते या घामासाठीच.

या वाईनचं नशीब फळफळलं ते इंग्रजांमुळे. इंग्रजांचं फ्रान्सशी सारखं भांडण, त्यामुळे फ्रेंच वाईन मिळायची मारामार. मग त्यांची नजर पोर्तुगालकडे वळली. १७०३ मध्ये दोन्ही देशांत मेथुएन करार झाला. इंग्रजांचं लोकरी कापड पोर्तुगालात खुलेपणानं जाणार आणि पोर्तुगालच्या वाईनला इंग्लंडात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी कर लागणार. व्यापार धो धो वाढला. समुद्रप्रवासात वाईन खराब होऊ नये म्हणून तिच्यात ब्रँडी घालायची रीतही याच काळात रुजली.

मागणी वाढली की भेसळ येतेच. वाईनला रंग यावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस मिसळू लागले. नाव खराब झालं, भाव पडले. तेव्हा पोर्तुगालचा कारभार पोंबालच्या मार्क्विसच्या हाती होता. त्यानं १७५६ मध्ये एक सरकारी कंपनी काढली, कुठल्या मळ्यांतली द्राक्षं पोर्टसाठी चालतील याची हद्द आखली आणि त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून जास्त खांब रोवले. एल्डरबेरीची झाडं मुळापासून उपटायचा हुकूम निघाला. कायद्यानं हद्द आखलेला हा जगातल्या सर्वांत जुन्या वाईन-प्रदेशांपैकी एक आहे. आज आपण नाशिकच्या द्राक्षांना, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं कौतुक करतो, तोच हा विचार.

या कंपनीनं पोर्तोतल्या खानावळ्यांना आणि गुत्त्यांना वाईन पुरवण्याचा मक्ताही स्वतःकडे घेतला. त्यावर पोट असलेली माणसं फेब्रुवारी १७५७ मध्ये रस्त्यावर आली. सरकारनं तो दंगा क्रूरपणे मोडला. शिक्षा झालेल्यांत बायकाही होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत पोंबालचं नाव ठळक आहे, या बायका मात्र आकड्यातच राहिल्या.

पाकाची गोळी आणि वाईनची वेळ

आता ही वाईन करतात कशी ते सांगते. आंबवणं आपल्याला काही नवीन नाही. आंबोळीचं, इडलीचं पीठ आपण रोजच आंबवतो. द्राक्षाच्या रसातही तसंच होतं. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर संपू दिली की वाईन कोरडी होते, तिच्यात गोडवा उरत नाही. पोर्ट करताना मात्र ही क्रिया अर्ध्यावरच थांबवतात. दोन-तीन दिवसांत साधारण निम्मी साखर संपली, की रसात द्राक्षांपासूनच काढलेलं ७७ टक्के अल्कोहोलचं स्पिरिट ओततात. प्रमाण साधारण चारास एक. पारंपरिक हिशेब असा : ४३५ लिटर रसात ११५ लिटर स्पिरिट, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. इतक्या कडक अल्कोहोलात यीस्ट मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड लागते, पण तिच्यातलं अल्कोहोल १९ ते २२ टक्के असतं. साध्या वाईनमध्ये ते बारा-चौदा टक्के असतं. गोड आहे म्हणून ती सौम्य आहे, असं समजून फसायला होतं ते इथेच!

ती ओतायची वेळ महत्त्वाची. लाडवाचा पाक करताना गोळी कधी होते हे ज्या हाताला कळतं, त्यालाच ती वेळ समजेल. जरा लवकर ओतलं तर नुसतं सरबत, जरा उशीर झाला तर गोडवा गेला.

दोन-तीन दिवसच हातात असल्यानं सालीतला रंग आणि कस भराभर रसात उतरायला हवा. म्हणून द्राक्षं पायांनी तुडवायची. ग्रॅनाइटचे उथळ, रुंद हौद असतात. त्यात गुडघाभर द्राक्षं घालायची आणि माणसांनी गळ्यात गळे घालून रांगेनं, तालावर पावलं टाकायची. पहिले दोनेक तास कवायतीसारखे, शिस्तीत. मग अकॉर्डियन वाजू लागतं आणि मोकळं नाचणं सुरू होतं. पायांनी का? तर पायाखाली साल फुटते, पण बी फुटत नाही. बी फुटली की कडवटपणा उतरतो. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राचे पाय आलेत, पण काही मळ्यांत उत्तम द्राक्षांसाठी अजूनही माणसाचेच पाय लागतात.

आणि बायका कुठे होत्या? त्या मळ्यात होत्या. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काढणीला हातात कात्री घेऊन, वाकून, उन्हात घड कापायचं काम बायकांचं. भरलेल्या टोपल्या पाठीवर घेऊन डोंगर उतरायचं काम पुरुषांचं. तुडवायच्या हौदात पूर्वी फक्त पुरुषच उतरत. मजुरीही अर्थात बायकांची कमी. हे वाचलं आणि सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग काय वेगळं? आपल्याकडेसुद्धा थिनिंगला, डिपिंगला बायकाच बोलावतात. घड आम्ही मोजायचे, व्यापाऱ्याशी भाव बाप्यांनी बोलायचे.” निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. त्या बोलतात ते अनुभवानं.

तयार वाईन पूर्वी हिवाळा संपल्यावर पिंपांत भरून राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून नदीमार्गे खाली जायची. पोर्तोच्या समोरच्या काठावर व्हिला नोव्हा द गाया नावाचं गाव आहे, तिथल्या गार, ओलसर वखारींत ती वर्षानुवर्षं मुरायची. मोठ्या भांड्यांत थोडकी वर्षं ठेवली की माणकासारखी लाल राहते, ती रुबी. लहान लाकडी पिंपांत दहा, वीस, चाळीस वर्षं राहिली की रंग उतरून मधासारखी होते, ती टॉनी. एखाद्या उत्तम वर्षाची वाईन दोनेक वर्षांत बाटलीत भरून ती बाटलीतच दशकानुदशकं मुरू देतात, ती व्हिंटेज. म्हणजे आजीनं भरून ठेवायची आणि नातवंडांनी उघडायची, असा हा व्यवहार.

आणि ती उघडायची कोणी? इंग्लंडातल्या बड्या घरांत रीत होती की जेवणं झाली की बायकांनी उठून दिवाणखान्यात जायचं. मग टेबलावर पोर्ट यायची, डावीकडे फिरवली जायची आणि पुरुष राजकारणाच्या, पैशाच्या गप्पा मारायचे. म्हणजे घड कापायला बाई आणि प्याला भरताना बाई खोलीबाहेर. हे वाचल्यावर मला दोना अँतोनियाची गोष्ट जास्तच भिडली.

वैधव्य आलं तेव्हा

अँतोनिया आदेलाइद फरेरा. जन्म १८११ सालचा, दोरो खोऱ्यातल्या रेग्वा गावाजवळचा. घराणं वाईनचं, १७५१ पासून व्यापारात असलेलं. १८३४ मध्ये चुलतभावाशी, अँतोनियो बेर्नार्दो फरेराशी तिचं लग्न झालं. घरची इस्टेट घरातच राहावी म्हणून लग्नं ठरवायची रीत आपल्याला परकी नाही. नवऱ्याला शेतीपेक्षा शहराची, ऐषारामाची हौस जास्त. १८४४ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. अँतोनिया तेहतीस वर्षांची, मुलगा आणि मुलगी लहान.

आता मळे विकून शहरात निवांत राहायचं, किंवा सगळा कारभार कुणा पुरुष नातेवाइकाच्या हाती द्यायचा, असे दोन सोपे रस्ते होते. तिनं दोन्ही सोडले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. मळ्यांवर जायचं, मजुरांशी बोलायचं, नवीन वेल लावायचे, ताली बांधायच्या, वाईन कधी विकायची आणि कधी दाबून ठेवायची हे ठरवायचं. सांगायला सोपं आहे. पण समोर गायातले मुरलेले व्यापारी होते, त्यांतले बरेचसे इंग्रज आणि सगळे पुरुष.

‘दोना’ म्हणजे आपल्याकडच्या ‘बाईसाहेब’सारखं मानाचं संबोधन. पण खोऱ्यातल्या माणसांनी तिला आणखी एक नाव दिलं, ‘फरेरिन्या’. म्हणजे ‘छोटी फरेरा’, आपण लाडानं ‘धाकल्या बाई’ म्हणतो तसं. इतक्या मोठ्या जमीनदारणीला मजुरांनी असं लाडाचं नाव दिलं, यातच तिचं वागणं कळतं.

अकरा वर्षांची लेक

पैसा असलेल्या विधवेच्या घराकडे कोणाचं लक्ष नसतं? १८५० च्या दशकात पोर्तुगालचा पंतप्रधान होता मार्शल साल्दान्या. सैन्य त्याच्या शब्दात, सरकार त्याच्या हातात. त्यानं आपल्या मुलासाठी अँतोनियाच्या मुलीला मागणी घातली. मुलगी अकरा वर्षांची!

अँतोनियानं नकार दिला. पंतप्रधानाला नकार देणं म्हणजे काय ते आपण समजू शकतो. साध्या गावातल्या पुढाऱ्याच्या घरचं स्थळ नाकारतानाही आईबापांची झोप उडते. इथे तर मुलीला पळवून नेतील अशी भीती होती. तेव्हा तिनं मळे, घर, व्यापार सगळं मागं ठेवलं, लेकीला घेतलं आणि देश सोडला. वेष पालटून, डोंगरवाटांनी ती स्पेनमध्ये गेली असं सांगतात. तिथून ती लंडनला पोचली.

लंडनमध्येच १८५६ मध्ये तिनं दुसरं लग्न केलं, आपल्या इस्टेटीचा कारभार बघणाऱ्या फ्रान्सिस्को जुझे द सिल्व्हा तोरेश यांच्याशी. ती तेव्हा पंचेचाळिशीची. इकडे हिंदुस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला तो याच १८५६ साली. आपल्याकडे कायदा झाला तरी पुढे कित्येक वर्षं अशा लग्नांवर बहिष्कार पडत राहिले. तिथे कायद्याची आडकाठी नव्हती, तरी मालकिणीनं आपल्याच कारभाऱ्याशी लग्न करावं म्हटल्यावर जिभा वळवळल्याच असणार. तिनं त्यांची पर्वा केली नाही. पुढे ती मायदेशी परतली. मुलगी मोठी झाल्यावर तिचं लग्न चांगल्या घरात झालं.

नदीतला तो दिवस

मे १८६१ मधली गोष्ट. अँतोनियाचा व्हेसुव्हियो नावाचा मोठा मळा होता. तिथून जेवून मंडळी होडीनं परत निघाली. बरोबर घरची माणसं होती आणि जोसेफ जेम्स फॉरेस्टर नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. हे फॉरेस्टर पोर्टच्या इतिहासातलं मोठं नाव. त्यांनी दोरो नदीचे बारकाईनं नकाशे काढले, त्याबद्दल पोर्तुगालनं त्यांना बॅरन केलं. गंमत म्हणजे वाईनमध्ये ब्रँडी मिसळण्याला त्यांचा कडवा विरोध होता. द्राक्षाची वाईन द्राक्षाचीच असावी, असं म्हणत त्यांनी व्यापाऱ्यांशी वैर घेतलं.

व्हालेइराच्या अरुंद घळीत नदी तेव्हा खडकांवरून उसळत जायची. तिथं होडी उलटली. ज्यांनी नदीचा खडक न् खडक कागदावर उतरवला होता, ते फॉरेस्टर बुडाले. त्यांचा देह कधीच सापडला नाही. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांच्या वजनानं ते खाली गेले, असं लोक सांगतात. अँतोनिया वाचली. तिच्या घेरदार घागऱ्यात हवा भरली आणि त्यानं तिला तरंगत ठेवलं, असंही लोक सांगतात. खरं-खोटं नदीलाच ठाऊक. आता तिथे धरण आहे आणि पाणी अगदी शांत.

भुरी गेली, मावा आला

खरा कस मात्र पुढेच लागायचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोरोच्या मळ्यांवर भुरी आली. द्राक्षवाल्यांच्या घरात भुरी म्हणजे काय ते सांगायला नको. त्या रोगावर गंधकाची धुरळणी लागू पडली आणि शेतकरी जरा सावरतोय, तोवर त्याहून मोठं संकट आलं. फायलोक्सेरा. माव्याच्या जातकुळीतला, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा किडा. अमेरिकेतून आणलेल्या वेलांबरोबर तो युरोपात शिरला आणि वेलांची मुळं शोषू लागला. वरून वेल नुसता पिवळा पडताना दिसायचा, आणि खणून बघावं तर मुळं कुजलेली. १८६० च्या दशकात तो दोरोत पोचला आणि पुढच्या वीस वर्षांत डोंगरच्या डोंगर उजाड झाले. माणसांनी ताली सोडल्या, गावं सोडली. त्या मेलेल्या ताली खोऱ्यात अजूनही दिसतात. कुठे त्यांच्यावर ऑलिव्हची झाडं आहेत, कुठे नुसती झुडपं.

अँतोनिया तेव्हा साठीकडे झुकलेली. या रोगावर काय करतात हे समजून घ्यायला ती इंग्लंडला जाऊन आली. उपाय सापडला तो साधाच, पण कष्टाचा होता. किडा जिथला, तिथल्याच जंगली वेलाची मुळं त्याला दाद देत नाहीत. म्हणून अमेरिकन वेलाचा खुंट लावायचा आणि त्यावर आपल्या जातीचं कलम करायचं. मुळं परकी, घड आपले. सगळ्या युरोपातल्या द्राक्षबागा शेवटी याच युक्तीनं वाचल्या.

हे सांगत होते तेव्हा सासूबाई ताडकन म्हणाल्या, “म्हणजे आपलं डॉगरीजच की!” अगदी बरोबर. नाशिक-सांगलीकडच्या बागांत आज जो डॉगरीजचा खुंट लावतात, तोही मूळचा अमेरिकन वेल. आपल्याकडे त्याची गरज पडली ती कमी पाणी आणि क्षारपड जमीन यांच्यामुळे, पण युक्ती तीच.

रोगाच्या त्या वर्षांत जमिनी मातीमोल झाल्या होत्या. लोक विकत होते, ती घेत होती. तिनं स्वस्तात जमिनी घेतल्या हेही खरं, आणि त्या जमिनींवर हजारो हातांना काम दिलं हेही खरं. भाव पडले की ती छोट्या शेतकऱ्यांची वाईन विकत घेऊन ठेवायची. १८७७ मध्ये तिनं स्पेनच्या सरहद्दीकडे, खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला, व्हाले मेआंव इथं तीनशे हेक्टर ओसाड माळ गावाच्या नगरपालिकेकडून विकत घेतला. तिथवर धड रस्ताही नव्हता. वय सहासष्ट! आपल्याकडे या वयात बायकांना ‘आता माळ घेऊन बसा’ म्हणतात. तिनं तिथे ताली बांधल्या, वेल लावले, घर उभारलं. दहा वर्षांत रेल्वे त्या भागात पोचली. मळ्याचं बांधकाम १८९५ पर्यंत चाललं. १८९६ च्या मार्चमध्ये ती वारली.

तेव्हा तिच्या मालकीचे वीसहून अधिक मळे होते. तिच्या मदतीनं उभी राहिलेली रुग्णालयं होती, रस्ते होते. अंत्ययात्रेला सगळं खोरं लोटलं होतं म्हणतात. आजही पोर्तुगालमध्ये कर्तबगार उद्योजक महिलांना तिच्या नावाचा पुरस्कार देतात.

तिच्यानंतरच्या

अँतोनिया एकटीच होती असंही नाही. १९०६ मध्ये क्लेअर फॉयरहीर्ड नावाच्या एका तान्ह्या मुलीला बारशाची भेट म्हणून दोरोकाठचा एक अख्खा मळा मिळाला, किंता द ला रोझा. आपल्याकडे बारशाला वाळे, कडदोरे देतात. या मुलीला शेत दिलं! पुढे घरचा पोर्टचा व्यापार विकावा लागला, पण क्लेअरनं तो मळा सोडला नाही, स्वतः चालवला. १९८६ मध्ये नियम बदलला, गायाच्या व्यापाऱ्यांच्या हातात न देता शेतकऱ्याला स्वतःची पोर्ट मळ्यातूनच थेट परदेशी पाठवता येऊ लागली. तेव्हा क्लेअरची नात सोफिया बर्गक्विस्ट हिनं वडिलांबरोबर त्याच मळ्याची वाईन स्वतःच्या नावानं विकायला सुरुवात केली. २००१ मध्ये सांद्रा ताव्हारेश द सिल्व्हा हिनं नवऱ्याबरोबर स्वतःचा छोटा व्यवसाय उभा केला आणि आज ती तिथल्या नावाजलेल्या वाईनकारांत गणली जाते. म्हणजे ज्या हौदात पूर्वी बाईला पाय ठेवता येत नव्हता, त्यात काय उतरायचं आणि कधी थांबवायचं हे आता बाई ठरवते.

राहता राहिली गोव्याच्या दुकानातली ती बाटली. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, म्हणून ते नाव तिकडे रुजलं. एरवी तिचा आणि दोरोच्या मळ्यांचा संबंध नावापुरताच. गोव्याच्या दमट हवेत द्राक्षबागा होत नाहीत, द्राक्षं शेजारच्या राज्यांतून येतात. ‘पोर्तो’ आणि ‘दोरो’ ही नावं तर आता आपल्या देशाच्या भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीतही आहेत.

ही सगळी गोष्ट मी सासूबाईंना एका रात्री सलग सांगितली. त्या अंथरुणावर बसून वाती वळत होत्या. मध्येच हुंकार देत होत्या. संपल्यावर जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मळे तिच्या स्वतःच्या मालकीचे होते म्हणतेस?”

“हो आई, वीसच्या वर.”

सासरे गेले तेव्हा सासूबाई छत्तीस वर्षांच्या होत्या. तेव्हा बागेची छाटणी त्यांनी उभं राहून करून घेतली, कर्ज फेडलं, खुंट बदलले, दोन मुलं शिकवली. सातबाऱ्यावर मात्र मुलांची नावं लागली आणि यांच्या नावापुढे आलं ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. मुलं सज्ञान झाली आणि ते नावही गेलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मीसुद्धा लग्न होऊन आल्यापासून हा उतारा कितीदा पाहिला, पण त्या नसलेल्या नावाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

त्या रात्री दिवा मालवताना त्या एवढंच म्हणाल्या, “लेक वाचवली ना तिनं त्या मेल्यापासून? मग मळे काय, होतात परत.”

सकाळी मी यांच्याकडे विषय काढला. आईंचं नाव उताऱ्यावर लावायला काय काय कागद लागतात, ते विचारायला येत्या सोमवारी आम्ही दोघं तलाठी कार्यालयात जाणार आहोत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.